पहिली हाफ मॅरेथॉन : पहिले पाच किलोमीटर कोणत्या पेसनं?

पावसाळा सरताना सातारा, डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई. हौशी धावपटूला पहिली हाफ मॅरेथॉन पळायची तर महाराष्ट्रात मुहूर्तांची वानवा नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. तयारीचे तक्ते, बूट, जेल, आहार यांवर सल्ले देणारेही उदंड झाले आहेत. तरी शर्यतीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक रनिंग ग्रुपमध्ये एक प्रश्न हमखास येतो : सुरुवात कितीच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं धरून करू?

उत्तरं येतात ती एकमेकांना छेद देणारी. एक म्हणतो, दहा किलोमीटरच्या वेळेवरून हिशेब काढ. दुसरा म्हणतो, घड्याळ घरी ठेव आणि शरीराचं ऐक. तिसरा म्हणतो, पाय ताजे आहेत तोवर वेळ कमावून घे, पुढे उपयोगी पडेल. चौथा म्हणतो, सरळ बस पकड, म्हणजे पेसरच्या मागे लाग. प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवावरून बोलत असतो, आणि प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडंफार तथ्यही असतं. या सगळ्या उत्तरांची नीट छाननी केली तर पहिल्यांदा पळणाऱ्याच्या हाती काय लागतं, ते इथे पाहू.

तक्ते कोणासाठी लिहिलेले असतात?

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. अंतर सगळ्यांना सारखंच, पण शर्यत सारखी नसते. बीडच्या मांडवा गावच्या अविनाश साबळेनं २०२० च्या नोव्हेंबरात दिल्लीत हे अंतर १ तास ३० सेकंदांत कापलं आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, तेही एकवीस वेळा. त्याच्यासाठी हाफ मॅरेथॉन हे तासाभराचं काम आहे. शरीरात लॅक्टेट साचायला लागण्याच्या उंबरठ्यावर माणूस साधारण तासभर टिकतो, आणि अव्वल धावपटू हाफ मॅरेथॉन जवळजवळ त्याच उंबरठ्यावर पळतात.

पहिल्यांदा पळणारे बहुतेक जण रस्त्यावर दोन-अडीच तास असतात, काही तीन तास. अडीच तास त्या उंबरठ्यावर कोणीच राहू शकत नाही. म्हणजे त्यांचा हाफ मॅरेथॉनचा पेस उंबरठ्याच्या बराच खाली, रविवारच्या लाँग रनच्या जवळ असतो. इंग्रजी पुस्तकांतल्या ‘दमदार पण आटोक्यात’ छापाच्या वर्णनांनी नवखे फसतात ते इथेच. ते वर्णन दीड तासात पळणाऱ्याचं असतं. अडीच तासवाल्यानं पहिले पाच किलोमीटर दमदार वाटतील असे पळले, तर तो स्वतःची दहा किलोमीटरची शर्यत पळत असतो. पुढे आणखी अकरा आहेत याचा शरीराला पत्ता नसतो.

एका धावपटूचे चार अंदाज

पेस ठरवण्याच्या पद्धती एकाच माणसाला लावून पाहिल्या की त्यांचा स्वभाव कळतो. समजा, पुण्यातली बेचाळीस वर्षांची एक बाई आहे. दीड वर्ष पळते आहे, आठवड्याला सुमारे तीस किलोमीटर होतात. पूर्ण जोर लावून एक मैल ती ९ मिनिटांत पळते, पाच किलोमीटर ३१ मिनिटांत, दहा किलोमीटर ६८ मिनिटांत. सर्वांत लांब रन अठरा किलोमीटरचा, ७:४० च्या पेसनं, आणि तो संपल्यावर ती धडधाकट होती.

पहिला अंदाज जेफ गॅलोवे यांच्या पद्धतीचा. गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेले अमेरिकन धावपटू. पुढे हजारो सामान्य माणसांना त्यांनी पळायला शिकवलं. त्यांची चाचणी एका मैलाची : मैलाच्या पेसला १.२ नं गुणलं की हाफ मॅरेथॉनचा पेस मिळतो. आपल्या बाईंसाठी तो किलोमीटरला ६:४३ येतो, म्हणजे २ तास २१ मिनिटं ३५ सेकंद.

दुसरा आणि तिसरा अंदाज पीट रीगल यांच्या सूत्राचा. रीगल हे पेशानं इंजिनिअर. १९७७ मध्ये त्यांनी मांडलेलं सूत्र आज बहुतेक पेस कॅल्क्युलेटरच्या पोटात असतं. अंतर वाढलं की वेळ त्याच प्रमाणात न वाढता थोडा जास्त वाढतो, आणि हा ‘थोडा जास्त’ १.०६ या घातांकानं मोजता येतो, असं ते सूत्र सांगतं. पाच किलोमीटरच्या ३१ मिनिटांवरून हाफचा अंदाज २ तास २२ मिनिटं ३६ सेकंद येतो, पेस ६:४६. दहा किलोमीटरच्या ६८ मिनिटांवरून २ तास ३० मिनिटं येतो, पेस ७:०७.

चौथा अंदाज लाँग रनचा. ७:४० चा पेस शेवटपर्यंत धरला तर २ तास ४२ मिनिटांच्या आसपास.

माणूस एकच, आणि सर्वांत वेगवान व सर्वांत संथ अंदाजात किलोमीटरला ५७ सेकंदांचं, शेवटच्या वेळेत वीस मिनिटांचं अंतर. कारण उघड आहे. चाचणी जितकी आखूड, तितका अंदाज आशावादी. एक मैल चपळाईनं पळण्याचं बळ आणि अडीच तास टिकून राहण्याचं बळ ही दोन वेगळी खाती आहेत. नवख्या धावपटूचं पहिलं खातं लवकर भरतं, दुसरं सावकाश. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच पातेल्यात शिजला असेल तेव्हा.

न्यूयॉर्कचे संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू विकर्स आणि त्यांच्या सहकारी एमिली व्हर्टोसिक यांनी २०१६ मध्ये सुमारे २,३०० हौशी धावपटूंच्या वेळा रीगलच्या सूत्रावर घासून पाहिल्या. हाफ मॅरेथॉनपर्यंत सूत्र बरं चालतं, पण पूर्ण मॅरेथॉनला ते निम्म्या धावपटूंना दहा किंवा अधिक मिनिटांनी जास्त वेगवान दाखवतं, असं त्यांना आढळलं. आठवड्याचे किलोमीटर कमी असणाऱ्यांच्या बाबतीत सूत्र जास्त चुकतं, ही त्यातली आपल्या कामाची गोष्ट. अडीच तास रस्त्यावर राहणाऱ्या, आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटर करणाऱ्या नवख्यानं रीगलच्या अंदाजात काही मिनिटं घालावीत, हे तारतम्य त्यातूनच येतं. घातांक १.०६ ऐवजी १.१० धरला तर आपल्या बाईंचा अंदाज २ तास ३४ मिनिटं ३५ सेकंदांवर जातो, पेस ७:२०. मला तो सगळ्यांत विश्वासाचा वाटतो.

हृदयाचे ठोके आणि दमाची मोजपट्टी

आकड्यांवर विश्वास नसलेल्यांचा दुसरा पंथ आहे. ते म्हणतात, पेस बघू नका, प्रयत्न बघा. प्रयत्न मोजायची दोन साधनं : मनगटावरचं घड्याळ आणि स्वतःचा दम.

घड्याळातले हृदयाचे ठोके अचूक वाटतात, पण त्यामागचा पाया डळमळीत असतो. कमाल ठोके २२० वजा वय, हे सगळ्यांना पाठ असलेलं सूत्र सरासरीपुरतं खरं आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र थोडं सुधारलेलं आहे, पण एखाद्या माणसाचा खरा आकडा त्यापासून दहा ठोके इकडेतिकडे असणं अगदी सर्वसामान्य आहे. शिवाय शर्यतीच्या सकाळी गर्दी, उत्साह, कॉफी आणि अपुरी झोप यांनी ठोके आधीच चढलेले असतात. आणि एकाच पेसनं पळत राहिलं तरी घामानं शरीरातलं पाणी कमी होतं, अंग तापतं, तसे ठोके हळूहळू वर सरकतात. त्यामुळे सरावातला १५० चा आकडा शर्यतीत जसाच्या तसा धरून बसण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या पाच किलोमीटरमध्ये वरची मर्यादा म्हणून तो उपयोगी आहे, इतकंच.

दमाची मोजपट्टी त्याहून जुनी आणि स्वस्त. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची जाणीव आकड्यांत सांगता यावी म्हणून ६ ते २० अशी पट्टी बनवली, आणि ती आजही प्रयोगशाळांत वापरली जाते. रस्त्यावर तिचं साधं रूप म्हणजे बोलण्याची चाचणी. शेजारी पळणाऱ्याला एक पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, सांगता आलं पाहिजे. “पाण्याचं टेबल उजवीकडे आहे, पण पुढच्या टेबलावर गर्दी कमी असेल” एवढं म्हणता आलं तर पेस ठीक आहे. “पाणी... पुढे...” एवढंच निघत असेल आणि बोर्डावर तीन किलोमीटर लिहिलं असेल, तर तो पेस एकवीस किलोमीटरचा नाही.

या पद्धतीतही एक खोट आहे, आणि ती नवख्यालाच बाधते. पहिल्या दोन-तीन किलोमीटरमध्ये दम खोटं बोलतो. आदल्या आठवड्यात सराव कमी केलेला, पाय हलके झालेले, रस्त्यालगत ढोल-ताशा वाजतोय, हजारो लोक सोबत सुटलेत. सरावात ७:१५ ला जेवढा दम लागायचा, तेवढा आता ६:३० ला लागतो. हा फरक खरा नसतो. तो दहाव्या किलोमीटरपर्यंत विरतो, आणि सोळाव्याला व्याजासकट वसूल होतो. म्हणून पहिले तीन किलोमीटर घड्याळावर विसंबावं, त्यानंतर दमावर.

वेळ ‘कमावण्या’चा हिशेब

सुरुवातीला जोरात पळून वेळ कमावून ठेवावा आणि शेवटी तो खर्च करावा, ही कल्पना इतकी रुजलेली आहे की तिची तपासणी सविस्तर करायला हवी. आपल्या बाईंची त्या दिवसाची खरी कुवत ७:१५ आहे असं धरू.

त्या पहिले पाच किलोमीटर ६:४५ नं गेल्या. किलोमीटरला अर्धा मिनिट, म्हणजे अडीच मिनिटं कमावली. पुढे पंधरा-सोळापर्यंत ७:१५ धरून ठेवला. मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले, मांड्या जड झाल्या, चालणं-पळणं सुरू झालं, आणि शेवटचे पाच किलोमीटर ९:३० नं गेले. तिथे सव्वाअकरा मिनिटं गेली. कमाई अडीच, खर्च सव्वाअकरा.

उलट बाजूनं चूक झाली असती तर? पहिले पाच किलोमीटर ७:३५ नं, म्हणजे गरजेपेक्षा सावकाश. तोटा शंभर सेकंदांचा. तो भरून काढायला उरलेल्या सोळा किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला जेमतेम सहा सेकंद लागतात, आणि ताज्या पायांना सहा सेकंद सापडतात. नाहीच सापडले, तरी नुकसान दोन मिनिटांच्या आतलं.

या संपूर्ण प्रश्नाची किल्ली या दोन हिशेबांत आहे. हळू सुरुवातीची किंमत सेकंदांत मोजली जाते, जोरकस सुरुवातीची मिनिटांत. ज्याला आपली कुवत नेमकी ठाऊक आहे, त्याला या असमतोलाची फारशी फिकीर करावी लागत नाही. पहिल्यांदा पळणाऱ्याला ती ठाऊक नसतेच. अंदाज चुकणारच असेल, तर स्वस्तातल्या बाजूला चुकावा.

अभ्यासही याच दिशेनं बोट दाखवतात. डब्लिनचे संगणकशास्त्रज्ञ बॅरी स्मिथ यांनी हौशी मॅरेथॉन धावपटूंच्या प्रचंड आकडेवारीचं विश्लेषण करून २०१८ मध्ये दाखवलं की सुरुवातीचा टप्पा अति वेगानं पळणाऱ्यांचा शेवट मंदावतो आणि एकूण वेळही बिघडते. अमेरिकेतल्या चौदा मॅरेथॉनच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांना दिसलं की उत्तरार्धात पुरुषांचा पेस सरासरी १५.६ टक्क्यांनी घसरतो, बायकांचा ११.७ टक्क्यांनी. त्यामागे शरीरशास्त्र किती आणि आत्मविश्वासाचा अतिरेक किती, यावर वाद आहे. पण पहिल्या शर्यतीला निघालेल्या पुरुषांनी हा आकडा वाचून मग पेस ठरवावा. हाफमध्ये घसरण मॅरेथॉनइतकी तीव्र नसते, कारण पोटभर जेवून आलेल्या माणसाच्या स्नायूंतली आणि यकृतातली साखर एकवीस किलोमीटरला बहुधा पुरते. मात्र जितकं जोरात पळावं, तितकी ती भरभर जळते.

मग विश्वविक्रम कसे होतात? टकर, लॅम्बर्ट आणि नोक्स यांनी २००६ मध्ये ट्रॅकवरच्या विश्वविक्रमांचे टप्पे तपासले. पाच आणि दहा हजार मीटरच्या विक्रमांत पहिला आणि शेवटचा किलोमीटर मधल्यांपेक्षा वेगवान होता. म्हणजे अव्वल धावपटूही थोडं जोरात सुटतात. पण त्यांच्यामागे शेकडो शर्यतींचा अनुभव असतो, आणि मुख्य म्हणजे शेवटचा किलोमीटर वेगात काढण्याइतकं ते शिल्लक ठेवतात. नवख्याला त्यांचं पहिलं पान दिसतं, शेवटचं दिसत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तशी ही नक्कल.

बस पकडावी का?

मोठ्या शर्यतींत ठरावीक वेळेचा झेंडा घेऊन पळणारे पेसर असतात. त्यांच्यामागे घोळका जमतो, त्याला आपल्याकडे सरळ ‘बस’ म्हणतात : अडीचची बस, पावणेतीनची बस. ब्रायन हॅनली यांनी जागतिक हाफ मॅरेथॉन स्पर्धांचा अभ्यास केला, तेव्हा शेवटपर्यंत एकाच घोळक्यासोबत राहिलेल्यांनी पेस जास्त चांगला टिकवला, असं आढळलं. सोबतीचा फायदा अव्वल धावपटूंनाही होतो, तर नवख्याला नक्कीच. शिवाय चांगला पेसर पहिल्या किलोमीटरला लोकांना अक्षरशः मागे ओढतो.

अडचणी दोन. पेसरचा हिशेब त्याच्या सुरुवातीपासून चालतो. तुम्ही रेषा त्याच्यानंतर दोन मिनिटांनी ओलांडली आणि त्याला गाठायला धावलात, तर बस पकडण्यातच शर्यत गेली. दुसरी, घोळक्यात पाण्याच्या टेबलावर झुंबड उडते. त्यामुळे आपल्या अंदाजापेक्षा एक बस मागची घ्यावी, तिच्या काठानं पळावं, आणि सोळा किलोमीटरनंतर अंगात असेल तर उतरून पुढे जावं. पुढची बस सुटली म्हणून तिच्यामागे धावणाऱ्यांची गत एसटी स्टँडवर रोज दिसते.

ऊन, घाट आणि घड्याळाचा घोळ

वरचे सगळे आकडे थंड हवेतल्या सपाट रस्त्याचे आहेत. महाराष्ट्रात असा रस्ता क्वचित मिळतो.

सात मॅरेथॉनच्या अनेक वर्षांच्या निकालांवर मॅथ्यू एली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केलेल्या अभ्यासात, उष्णता आणि दमटपणा वाढत गेला तसा सगळ्यांचा वेग मंदावला, आणि संथ धावपटूंचा जास्त मंदावला. संथ धावपटू उन्हात जास्त वेळ असतो. पहाटे सुटलेला साबळे सूर्य वर यायच्या आत अंघोळीला पोचतो, तर अडीच तासवाल्याचे शेवटचे पाच किलोमीटर कोवळं ऊन संपल्यावर सुरू होतात. पुण्यात डिसेंबरात सराव करून जानेवारीत मुंबईच्या दमट हवेत पळणाऱ्यानं किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद सुरुवातीलाच सोडून द्यावेत. मुंबईच्या हाफचा मार्ग अधूनमधून बदलतो, पण अनेक वर्षं तो वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून गेला आणि उत्तरार्धात पेडर रोडचा चढ आला. सेतूवर पहाटेचा वारा, मोकळा रस्ता आणि फोटो काढणारे यांच्यामुळे पेस आपोआप वाढतो. त्याची वसुली पेडर रोडवर होते. नावनोंदणीसोबत येणारा नकाशा आणि चढ-उतारांचा आलेख आधी नीट पाहावा.

साताऱ्याची गोष्ट वेगळी. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. चढावर सपाटीचा पेस धरणं ही पहिल्यांदा येणाऱ्यांची ठरलेली चूक. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती यांनी २००२ मध्ये दिलेल्या समीकरणातून काढलं, तर पाच टक्के चढावर प्रत्येक मीटरला सपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त ऊर्जा लागते. तेवढ्याच उतारावर वाचते ती सुमारे २४ टक्के. म्हणजे चढावर गेलेलं उतारावर पूर्ण परत मिळत नाही. सपाटीवर ७:१५ चा प्रयत्न असेल, तर पाच टक्क्यांच्या चढावर त्याच प्रयत्नात साधारण साडेनऊ मिनिटं लागतील, आणि ते बरोबरच आहे. उतारावर दम लागत नाही, पण प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जाऊन ब्रेक लावतात. तिथे भरधाव सुटलेल्यांचे पाय शहरात शिरताना बोलेनासे होतात. ‘अति घाई संकटात नेई’ ही घाटातली पाटी फक्त गाड्यांसाठी नाही.

तिसरा घोळ घड्याळाचा. शर्यतीचा मार्ग मोजताना सर्वांत जवळची, वळणांच्या आतल्या कडेची रेषा धरतात, आणि मार्ग चुकून आखूड पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवूनही घेतात. गर्दीत डावी-उजवीकडे सरकत पळणाऱ्याला ती रेषा मिळत नाही. घड्याळात शेवटी २१.३ किंवा २१.४ दिसतं. अडीच तासांचं लक्ष्य असेल तर २१.१ वर पेस ७:०७ येतो, पण घड्याळातल्या २१.४ वर तो ७:०१ लागतो. उंच इमारतींमध्ये आणि उड्डाणपुलांखाली क्षणाक्षणाचा पेस वाटेल ते आकडे दाखवतो, त्याच्या नादी लागू नये. किलोमीटरचा बोर्ड आला की घड्याळाचं लॅप बटण दाबावं आणि त्या किलोमीटरची वेळ बघावी.

ज्यांना हा सल्ला लागू नाही

सगळ्यांना हळू सुटायला सांगणं सोपं आहे, पण ते सरसकट खरं नाही. कॉलेजात ट्रॅकवर पळालेला, आठवड्याला साठ किलोमीटर करणारा तरुण पहिल्यांदा हाफ पळत असेल, तर रीगलचा अंदाज त्याला जवळपास लागू पडतो. त्यानं ठरलेल्या पेसनंच सुटावं. गरजेपेक्षा हळू सुटून तो स्वतःला अकारण मागे ठेवेल.

दुसऱ्या टोकाला कट-ऑफच्या, म्हणजे शर्यत पूर्ण करायच्या वेळमर्यादेच्या, काठावरचे धावपटू आहेत. तीन तासांचं कट-ऑफ असेल तर सरासरी पेस ८:३२ लागतो, साडेतीन तासांचं असेल तर ९:५७. वाटेतल्या टप्प्यांवरही वेळमर्यादा असू शकते, आणि ती बंदुकीच्या वेळेपासून मोजतात की तुमच्या चिपच्या, हे शर्यतीच्या नियमांत बघून घ्यावं. अशांनी हळू सुटण्यापेक्षा पहिल्या किलोमीटरपासून ठरवून चालणं-पळणं करावं : चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, असं काहीतरी. गॅलोवे अनेक दशकं हेच शिकवत आले. जर्मनीत कुनो हॉटेनरोट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हौशी मॅरेथॉन धावपटूंवर केलेल्या प्रयोगात, मध्येमध्ये चालणाऱ्यांची वेळ सलग पळणाऱ्यांच्या आसपासच राहिली आणि स्नायूंचा त्रास कमी झाला. चालायचं आधी ठरवलेलं असलं की ती योजना असते. पंधराव्याला नाइलाजानं चालावं लागलं, तर उरलेले सहा किलोमीटर कोणत्या पेसनं जातील ते आपल्या हातात राहत नाही.

मग आकडा कोणता?

चार पद्धतींपैकी एकही खोटी नाही, पण प्रत्येकीची जागा वेगळी आहे. मैलाची आणि पाच किलोमीटरची चाचणी पहिल्या हाफसाठी बाजूला ठेवावी. दहा किलोमीटरवरून काढलेला रीगलचा अंदाज म्हणजे छत, त्याच्यावर डोकं काढायचं नाही. लाँग रनचा पेस म्हणजे जमीन. खरी कुवत या दोहोंच्या मध्ये असते, आणि सुरुवात जमिनीच्या जवळून करावी.

आपल्या बाईंसाठी छत ७:०७ आहे, जमीन ७:४०. पहिले पाच किलोमीटर त्यांनी ७:३० नं जावं, पूर्ण वाक्य बोलता येईल असं. पाच ते पंधरा ७:१५ ते ७:२० च्या दरम्यान. पंधराला स्वतःला विचारावं, आणि पाय तयार असतील तर उरलेले सहा ७:०७ नं. बेरीज २ तास ३४ मिनिटांच्या आत-बाहेर येते, म्हणजे वर विश्वासाचा म्हटलेल्या अंदाजाच्या अगदी जवळ. मुंबईत दमट हवा असेल तर या सगळ्याला दहा-पंधरा सेकंद जोडावेत. साताऱ्यात तर पेसचे आकडे विसरून फक्त दम पाहावा. शेवटची वेळ आदल्या दिवशी कोणालाही सांगू नये. ती ठरवायची जागा पंधरावा किलोमीटर आहे.

शर्यतीला अजून तीन-चार आठवडे असतील, तर येत्या रविवारी दहा किलोमीटर पूर्ण जोर लावून पळा आणि वेळ लिहून ठेवा. त्या वेळेला २.२ नं गुणा, आठवड्याचे किलोमीटर चाळिसाच्या आत असतील तर पाच मिनिटं वाढवा, आणि त्यातून निघालेल्या पेसपेक्षा किलोमीटरला दहा ते पंधरा सेकंद हळू असा पहिल्या पाच किलोमीटरचा पेस बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या, मागच्या बाजूला पेननं लिहा. सुरुवातीला शेकडो लोक तुमच्या पुढे जातील, त्यांना जाऊ द्या. त्यांतले बरेच जण पंधराव्यानंतर पुन्हा भेटतात.